लाभांश किती, हे नंतर. लाभांश कशावर, हे आधी ठरवा



आजचा मेसेज फवारणीचा नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली आहे आणि घाटकुळपासून चिंतलधाब्यापर्यंत एकच प्रश्न कानावर येतो : "शेअरचे पैसे भरले जी, आम्हाले भेटलं काय?" प्रश्न रास्त आहे. पण "यंदा सगळा नफा लाभांश म्हणून वाटून टाका" हे त्याचं उत्तर नाही, असं मला वाटतं. हे मत माझं आहे, संचालक मंडळाचं नाही. मी तुमच्यापेक्षा लहान आहे, म्हणून नुसतं मत देत नाही, हिशेब मांडतो. तुम्ही तो तपासा.

आधी एक गोष्ट. शेअर बाजारातल्या कंपनीचा शेअर महाग झाला की विकून पैसे करता येतात. आपल्या कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही. संचालक मंडळाच्या मान्यतेनं तो दुसऱ्या सभासदाला देता येतो, तोही मूळ किमतीतच. म्हणून शेअरवर काहीतरी मिळावं ही अपेक्षा चुकीची नाही.

उत्पादक कंपनीच्या कायद्यात पैसे परत देण्याचे मुख्य रस्ते असे आहेत :

१) *मर्यादित परतावा* म्हणजे शेअरवरचा लाभांश. त्याची कमाल मर्यादा कंपनीच्या नियमावलीत लिहिलेली असते.
२) *राखून ठेवलेला दर.* माल घेताना दराचा काही भाग कंपनीनं ठेवला असेल, तर तो नंतर देता येतो.
३) *पॅट्रोनेज बोनस.* परतावा आणि राखीव निधी बाजूला काढल्यावर जे उरतं, ते ज्यानं जेवढा व्यवहार कंपनीशी केला त्या प्रमाणात.

याशिवाय राखीव निधीतून बोनस शेअर देता येतात, पण त्यातून लगेच रोख हाती येत नाही.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते आहेत, आपल्या ताळेबंदातले नाहीत. समजा ३०० सभासद, प्रत्येकाचा शेअर १,००० रुपयांचा, म्हणजे भांडवल ३ लाख. वर्षाचा नफाही ३ लाख. सगळा शेअरवर वाटला तर प्रत्येकाला १,००० रुपये. ज्यानं एक पोतंही कंपनीला दिलं नाही, सगळा धान खासगी व्यापाऱ्याला घातला, त्यालाही १,०००. आणि कंपनीच्या हाती पुढच्या हंगामाला शून्य.

दुसरी रीत पाहा. १ लाख राखीव निधीत. शेअरवर १० टक्के, म्हणजे ३० हजार, प्रत्येकी १०० रुपये. उरले १ लाख ७० हजार. सभासदांचा धान २,००० क्विंटल आला असेल, तर क्विंटलला ८५ रुपये. ४० क्विंटल देणाऱ्याला ३,५००, ५ क्विंटल देणाऱ्याला ५२५, काहीच न देणाऱ्याला १००. कंपनी ज्यांच्या मालावर चालली, त्यांना जास्त. मला हे न्यायाचं वाटतं.

ही रीत आपल्याला नवी नाही. तेंदूपत्त्याचा बोनस गोळा केलेल्या पुड्यांवर असतो, घरातल्या माणसांवर नाही. कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ दिवाळीच्या तोंडावर उत्पादकाला दूध दर फरक देतो, तो घातलेल्या दुधावर. धानाच्या सरकारी बोनसमध्येही आपण दोन्ही रीती पाहिल्या. २०२०-२१ ला क्विंटलला ७०० रुपये, ५० क्विंटलपर्यंत. २०२२-२३ ला हेक्टरी १५,००० रुपये, २ हेक्टरपर्यंत. कशावर द्यायचं हे बदललं की कोणाला किती मिळतं तेही बदलतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

यावर एक आक्षेप येईल : यात मोठ्या धानवाल्याचंच भलं होईल, मोहफुलं आणणाऱ्या बाईचं काय? आक्षेप खरा आहे. म्हणून नुसते क्विंटल मोजू नका. धान, कापूस, मोहफूल यांचे हिशेब वेगळे ठेवा आणि ज्या मालात नफा झाला त्यातला वाटा तो माल देणाऱ्यांना द्या. कंपनीकडून बियाणं, खत घेतलं असेल तर तोही व्यवहारच आहे, तोही धरा.

सभेत माझ्या मते या चार गोष्टी मागा :

▪️ लाभांशाचं धोरण लेखी हवं. शेअरवर जास्तीत जास्त किती टक्के, राखीव निधीत किती, बोनस कशावर.
▪️ नफा झाला तरच वाटप. सरकारचं समभाग अनुदान (सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख) हा नफा नाही. तो वाटून खाल्ला तर उद्या धान घ्यायला पैसा राहणार नाही.
▪️ सुरुवातीपासून आजवरचा वर्षवार तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर लावा : नफा किती, निधीत किती, शेअरवर किती, बोनस किती. ज्या वर्षी काही दिलं नाही तिथं शून्य लिहा आणि कारणही लिहा.
▪️ राखीव निधी कशाला वापरणार ते सांगा. माझा आग्रह धान वाळवण्याच्या ओट्याचा आणि आर्द्रता मोजायच्या यंत्राचा. हमीभाव केंद्रावर १७ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. ओला धान परत आणण्यात जे भाडं जातं, ते १०० रुपयांच्या लाभांशानं भरून निघत नाही.

परतावा आणि बोनस यांवर शेवटचा शब्द सर्वसाधारण सभेचा असतो. शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. कोरमला किमान एक चतुर्थांश सभासद लागतात. सभेच्या किमान १४ दिवस आधी नोटीस यायला हवी आणि तिच्यासोबत ताळेबंदही. आला नसेल तर मागून घ्या, घरी वाचता येणाऱ्या पोराकडून वाचून घ्या आणि मग या. पैसे कुठं गेले हे नंतर पानठेल्यावर विचारण्यापेक्षा सभेत विचारलेलं बरं.

सातबारा ज्यांच्या नावे नाही पण शेअर आहे, अशा ताईंनी तर नक्की यावं.

आणि हो, धान निसवतो आहे. तुडतुड्यांसाठी चुडाच्या बुडाशी पाहत राहा. पानावर पाहून कळत नाही.

तुमचा कृषी सल्लागार, पोंभुर्णा 🙏