कुऱ्हाड कोणाची आणि जमीन कोणाची?



सावद्याहून उत्तरेस पाहिले की केळीच्या बागांपलीकडे सातपुड्याची रांग दिसते. त्या डोंगरात साग आहे, अंजन आहे, सालई आहे. बागेचा धनी निराळा, वखारीचा धनी निराळा. परंतु झाडावर घाव घालणारा हात बहुधा भूमिहीनाचाच असतो. म्हणून या विषयाचा विचार तुमच्या घरात झाला पाहिजे.

लाकूड फोडणे आपल्या वाडवडिलांच्या वाट्यास धंदा म्हणून आले नव्हते. पाटलाच्या वाड्यावर सरपण फोडून देणे हे गावकीचे काम होते, आणि त्याचे मोल म्हणून शिळे तुकडे पदरात पडत. १९२८ साली डॉ. बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले ते याच दास्यावर घाव घालण्यासाठी. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने अखेर नष्ट झाली. आज कुऱ्हाड मजुरीसाठी उचलली जाते, हा फरक लहान मानू नका.

कोणी विचारील की, झाड तोडणे आपल्या धम्मात बसते काय? भिक्खूला वनस्पती तोडण्याची मनाई विनयात आहे. उपासकाने जे पाच व्यापार टाळावे असे भगवान बुद्धांनी सांगितले ते शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. वृक्षतोड त्यात नाही. तेव्हा पोटासाठी कुऱ्हाड धरणाऱ्याने खाली मान घालण्याचे कारण नाही. मात्र ती कोणासाठी, कोणत्या अटीवर धरतो, हे त्याने अवश्य पाहावे.

काम जोखमीचे आहे. झाड ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूस आधी खाच घेतात, मग मागून घाव घालतात. खाच चुकली, खोड आतून पोखरलेले निघाले, किंवा शेंड्याकडची वेल शेजारच्या झाडात गुंतलेली असली, की खोड भलतीकडे वळते. मनुष्य जन्माचा पांगळा होतो, आणि उक्त्याने काम देणारा मुकादम दुसऱ्या दिवशी ओळखही दाखवीत नाही. कामावरील अपघाताची भरपाई धन्याने द्यावी, हे तत्त्व या देशात १९२३ च्या कायद्याने मान्य झाले. ठेकेदार मध्ये असला तरी ज्याच्या धंद्याचे काम चालले आहे तो मूळ धनी सुटत नाही, हेही त्याच कायद्याने सांगितले. यास्तव कामावर जाण्यापूर्वी मुकादमाच्या मागे उभा असलेला व्यापारी कोण, त्याचे नाव विचारून घ्या. नाव न सांगणाऱ्याचे काम घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट परवानगीची. खाजगी शेतातील असला तरी साग, मोह, आंबा, चिंच यांसारखा वृक्ष लेखी परवानगीवाचून तोडता येत नाही. महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा तसा आहे. राखीव जंगलात तर १९२७ च्या वन कायद्याने लाकडाबरोबर कुऱ्हाड व गाडीही जप्त होते. पकडला जातो तो घाव घालणारा. पहिला घाव घालण्यापूर्वी परवानगीचा कागद डोळ्यांनी पाहावा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावा.

आता जमिनीचा प्रश्न, जो आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात खानदेश अग्रभागी होता. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पसरला व लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. मुख्य मागणी ही होती: पडीक व जंगलची कसण्याजोगी जमीन कसणाऱ्यास द्या. त्या काळी कसावयास घेतलेल्या तुकड्यांवर आजही कित्येक कुटुंबे कागदावाचून बसली आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने अशांस एक दार उघडले. जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असली पाहिजे. आदिवासी नसलेल्यास याखेरीज तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य व जंगलावरील अवलंबन सिद्ध करावे लागते. ज्यांना गावाने सातबाऱ्यावर कधी येऊ दिले नाही त्यांनाच आजोबाचा कागद मागणे, हा अन्याय आहे. तथापि घाबरून जाऊ नका. तोच तुकडा ७५ वर्षे कसला असे दाखवावे लागत नाही, हे केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने स्पष्ट केले आहे. मिळणारा हक्क चार हेक्टरांपर्यंतचा आणि पतिपत्नी दोघांच्या नावे असतो. पत्नीचे नाव गाळू देऊ नका.

याच तारखेमुळे एक इशारा द्यावासा वाटतो. आज नवे जंगल साफ करा, पुढे नावावर करून देतो, असे सांगत फिरणारे दलाल आहेत. २००५ नंतर तोडलेल्या रानावर या कायद्याने कोणताही हक्क मिळत नाही. मिळतो तो खटला. पाल आणि यावलच्या रानात तर १९६९ पासून अभयारण्य आहे. आणि ते रान पावरा-तडवी बांधवांच्या जगण्याचा आधार आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपल्याकडून खरी होता कामा नये. शिवाय दाव्यासाठी किमान दोन पुरावे लागतात आणि वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब हा त्यांतील एक ग्राह्य पुरावा आहे. तुमचा आजा येथेच राहत होता हे शेजारच्या पाड्यावरील म्हाताऱ्याहून अधिक कोण सांगू शकेल?

दुसरा पुरावा तहसील कचेरीत पडून आहे. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, ज्यांस लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यांत आपल्या माणसांची नावे जातीसह लिहिलेली आहेत. त्या नोंदीची नक्कल मागा, अर्जाची पोच घ्या. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. उपविभागीय समितीकडे दाद मागण्यास ६० दिवसांची मुदत असते, आणि ती ग्रामसभेचा ठराव झाल्या दिवसापासून मोजतात.