खरखरीची किंमत

बकरीदेला भाचा पुण्याहून मंगळवेढ्याला आला. तो गिटार वाजवतो. सोबत नवा पेडल होता, बॉस कंपनीचा एचएम-२डब्ल्यू. पायाने खटका दाबून त्याने तार छेडली तशी अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली, "स्पीकर फाटला का रे?"

अम्मीचं फारसं चुकलं नव्हतं. हा आवाज जन्माला आला तोच बिघाडातून. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रात बिघाड झाला आणि बास गिटार फाटक्या आवाजात वाजली. तो तुकडा तसाच ठेवला. १९६१ साली गाणं गाजलं आणि पुढच्याच वर्षी तशी खरखर मुद्दाम काढून देणारा पेडल बाजारात आला.

बॉसचा मूळ एचएम-२ हा १९८३ चा. १९९१ मध्ये तो बंद झाला. पण स्टॉकहोमच्या एन्टूम्डसारख्या बँडनी त्याची चारही बटणं शेवटपर्यंत फिरवून करवतीसारखा आवाज काढला होता. त्या आवाजासाठी लोक जुने पेडल शोधत राहिले, त्यांचे भाव चढले. २०२१ मध्ये कंपनीने तो पुन्हा आणला. जुन्याला 'साफसूफ' करण्याचा मोह तिने टाळला. एक छोटा खटका दिला: एका बाजूला जुना आवाज जसाच्या तसा, दुसऱ्या बाजूला नवा, अधिक भरीव. या मालिकेचं नाव 'वाझा', म्हणजे जपानीत हुन्नर. मला ही रीत पटली. सुधारणा करणाऱ्याला आधी हे कळलं पाहिजे, की दोष कुठला आणि जीव कुठला.

हे कळणारे कान आपल्याकडेही आहेत, मिरजेत. तंबोऱ्याची तार घोडीच्या पृष्ठभागाला हलकेच घासत कंप पावते, तिच्याखाली सुताचा धागा सरकवला की आवाज खुलतो. ती जवारी. पेडलमध्ये ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात, इथे तार घोडीला घासते. रीत वेगळी, पण दोन्हीकडे साध्या आवाजात नसलेले स्वर त्यात मिसळतात. जवारी नसलेला तंबोरा बोदा वाजतो.

मिरजेतली ही कला मुख्यतः मुस्लिम घराण्यांनी जपली. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारं घडवणारे. हत्यारांची मागणी संपली तेव्हा तेच हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. त्यांना लागणारे कडू भोपळे आमच्याच बाजूचे, भीमाकाठचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मानांकनाने नाव राखलं जाईल. कान कसा राखणार?

भाच्याने पेडलचे पैसे एका शब्दाने न कुरकुरता मोजले. मी मात्र घरातला जुना तंबोरा जवारीला नेला तेव्हा कारागिराशी घासाघीस केली. "थोडं घासायचंच तर आहे," असंही बोललो. तो काही बोलला नाही. कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची, असं त्याने अर्धा दिवस केलं. तंबोरा बोलायला लागला तेव्हा मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

कुणी म्हणेल, तंबोरा आता फोनवर फुकट आहे. रियाजाला तो मीही लावतो, त्यात वावगं काही नाही. पण ती नक्कल आहे. अस्सल तंबोरा जुळवणारे हात उरले नाहीत, तर पुढे नक्कल कशाची करणार? कारागिराच्या मुलाला या कामात घर चालवण्याइतकी मजुरी दिसली, तरच तो बापाजवळ बसून ऐकायला शिकेल. तेव्हा जवारीचे पैसे देताना घासलेलं हाड मोजू नका, ऐकणारा कान मोजा.

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. ज्वारीला भाव मिळत नाही म्हणून आम्ही दरवर्षी बोंब मारतो आणि ती खरीच असते. मग मिरजेत जाऊन जवारीचा भाव आम्हीच का पाडावा?