मालिशआधी मालकाशी बोला

चैत्र तोंडावर आला की आपल्या व्यवसायातल्या मंडळींचे फोन वाजू लागतात. गिरगावात फडके गणपती मंदिरापासून पाडव्याची शोभायात्रा निघते, पाठोपाठ लग्नसराई येते, आणि ‘घोडी पाठीत धरली’ म्हणून मालक मालिशवाल्याला बोलावतो. त्याची अपेक्षा सरळ असते: आज तासभर रगडा, उद्या घोडी वरातीत नाचली पाहिजे. ही अपेक्षा आपल्यातल्याच काहींनी वाढवून ठेवली आहे.

घोड्याचे अंग रगडणे या शहराला नवीन नाही. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, तेव्हा कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असे सांगतात. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. या सगळ्या काळात खरारा झाला की घोड्याचे अंग रगडायचे, हे मोतद्दाराला कोणी शिकवावे लागले नाही. सत्तरच्या दशकात जॅक मीगर या अमेरिकन माणसाने या रगडण्याला खेळाडूंच्या मालिशची शिस्त लावली. आता महालक्ष्मीच्या रेसकोर्सपासून लग्नाच्या घोड्यांपर्यंत सगळीकडे प्रमाणपत्रवाले हात फिरू लागले आहेत. प्रमाणपत्राबद्दल आमची तक्रार नाही. मालकाला जे सांगितले जाते, त्याबद्दल आहे.

‘मालिशने अंगातले विष निघून जाते’ हे वाक्य बंद करा. मेहनतीनंतर रक्तात वाढलेले लॅक्टेट थोड्याच वेळात आपोआप उतरते, त्याला आपल्या अंगठ्याची गरज नसते. मालिशने घोडा शांत होतो, हे मात्र छातीठोकपणे सांगा. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. मान पाठीला मिळते तिथला उंचवटा घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. त्याच्या अलीकडे, मानेच्या बुडाशी चोळल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, असे त्यात दिसले. मान खाली येणे, खालचा ओठ सैल पडणे, जांभई, चघळणे या खुणा मालकाला तिथेच दाखवा. पैसे कशाचे दिले ते त्याला कळेल.

मग शरीररचना सांगा, दोन वाक्यांत. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. पुढचे दोन्ही पाय धडाला केवळ स्नायूंनी आणि पडद्यांनी बांधलेले असतात, आणि उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन त्याच पायांवर असते. त्यामुळे खांदा, छाती आणि तंगाची जागा इथे हाताला काम आहे. गुडघ्याखाली मांसल स्नायूच नाहीत, कंडरा आहेत. तिथली सूज दाबत बसू नये.

लंगडणाऱ्या घोड्याला तर पशुवैद्याने पाहिल्याशिवाय हात लावू नका. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने निदान आणि उपचार नोंदणीकृत पशुवैद्याकडे सोपवले आहेत. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बाई साकरबाई रुग्णालयही तिथेच आहे. गिरगावातून ते काही दूरदेशी नाही.

आपल्याकडच्या लग्नाच्या घोड्यांत एक धोका विशेष आहे. चार दिवस काम नाही, चंदी मात्र भरपूर, आणि पाचव्या दिवशी एकदम तीन वराती. घोडा घामेघूम होतो, पुठ्ठे लाकडासारखे कडक, पाऊल उचलत नाही, मूत्र कॉफीच्या रंगाचे. अननुभवी हाताला वाटते, स्नायू आखडलेत म्हणजे आपलेच काम. हे स्नायू तुटू लागले आहेत. मालिश नाही, चालवणेही नाही. आहे तिथे उभा ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. ताप, जखम, गजकर्ण असतानाही हात मागे. पायाच्या आतल्या बाजूने रांगेत गाठी आणि फुटलेले व्रण दिसले, नाक वाहत असले, तर ग्लँडर्सची शंका घ्या. हा रोग माणसाला होतो, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे तो कळवावा लागतो. हाताला चीर असताना उघड्या हातांनी अनोळखी घोडा चोळणारे आपल्यात आहेत, म्हणून हे लिहावे लागते.

आता खोगिराकडे. वरातीच्या खोगिराला झालर, टिकल्या, आरसे सगळे असते, गादी मात्र पातळ. वर बसलेला नवरदेव आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर चढलेला, तोल एका बाजूला टाकलेला. खाली काँक्रीट, पुढे बेंजो, आणि दर दहा पावलांवर थांबा. पाठीतली तीच गाठ तिसऱ्या खेपेला त्याच जागी सापडली, तर चौथी मालिश करू नका. खोगीर उलटे करून पाहायला मागा, नाल कधी बदलले ते विचारा. मालक नाराज होईल. मोतद्दार बहुधा होणार नाही, कारण त्याला हे आधीपासून ठाऊक असते. त्याला कोणी विचारलेले नसते. पहिल्या भेटीत त्यालाही शेजारी उभे करा आणि रोज पाच मिनिटांत काय करता येईल ते शिकवा. आपली एखादी फेरी त्याने वाचेल, वाचू द्या.

आणि डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली असताना ‘सुपारी घेतलीय हो, आजच्यापुरती उभी करून द्या’ असे मालक म्हणाला, तर त्या दिवसाची बिदागी सोडा, हात लावला नाही हे वहीत तारखेनिशी लिहा आणि डॉक्टरांना कळवा.