आततायी, कायदा आणि हाताचा संयम

निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत द्राक्षबागा आणि उसाच्या शेतांमधून शेतकऱ्यांची घरे विखुरलेली आहेत. अशा एकाकी मळ्यावर अपरात्री दरोडेखोर चालून आले, तर घरच्या कर्त्या पुरुषाने काय करावे? पोलीस येईपर्यंत दार लावून बसावे, की कोपऱ्यातली कुऱ्हाड हाती घ्यावी? आणि तिच्या घावाने हल्लेखोर ठार झाला, तर? ‘हात उचललास तर तूच अडकशील’ हा सल्ला मध्यमवर्गीय घरांत इतका मुरला आहे की, कायदाच भित्रेपणा शिकवतो असा समज रूढ झाला आहे.

हा समज निराधार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे केवळ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. जुन्या दंडसंहितेतील ९६ ते १०६ या कलमांचाच हा वारसा. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही देहाचे रक्षण करण्याचा अधिकार त्यांत आहे. मृत्यूचे वा जबर दुखापतीचे भय, बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा अधिकार पोहोचतो. आम्लहल्ल्याची भर २०१३ साली पडली. मालमत्तेच्या बाबतीतही जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग यांत तीच मुभा आहे. दर्शन सिंग खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जिवावर बेतलेल्या माणसाने सोन्याच्या तराजूत मोजून प्रतिकार करावा अशी अपेक्षा धरता येणार नाही.

आपल्या स्मृतिकारांनी आततायी सहा प्रकारचे सांगितले : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, आणि धन, भूमी व स्त्री यांचे हरण करणारा. आजच्या कलमांशी ही यादी बरीच जुळते. अपवाद भूमीचा. बांध कोरला म्हणून शेजाऱ्याच्या डोक्यात फावडे घालणाऱ्यास कायदा थारा देत नाही, आणि ते योग्यच आहे. निव्वळ अतिक्रमणासाठी जीव घेण्याची मुभा मिळाली असती, तर एकही शिवार रक्तावाचून राहिले नसते.

खरी गोम आहे ती मुदतीत. देहाच्या रक्षणाचा अधिकार धोक्याच्या रास्त भीतीबरोबर सुरू होतो आणि ती भीती संपताच संपतो. अंगावर धावून येणाऱ्या दरोडेखोरावर घातलेला घाव हा बचाव. तोच शस्त्र टाकून आडवा पडल्यावर घातलेला दुसरा घाव हा गुन्हा. शासनयंत्रणेची मदत घेण्यास अवसर असेल, तर हा हक्कच उरत नाही. सद्भावनेने, पूर्वयोजना नसताना मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. पण शिक्षा टळत नाही.

ही मर्यादा विसरल्यावर काय होते, हे उत्तर महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारण्यात आले. त्याच रात्री मालेगावात अशाच अफवेने एका कुटुंबावर जमाव चालून गेला. पोलिसांमुळे ते वाचले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांच्या देखत मारले गेले. या प्रत्येक जमावाला आपण मुलाबाळांचे, गावाचे रक्षण करत आहोत असेच वाटत असणार. परंतु खोलीत कोंडलेल्या किंवा पोलिसांच्या हाती असलेल्या निःशस्त्र माणसापासून कसला धोका? साधूंच्या हत्येने व्यथित झालेल्यांनी राईनपाड्याच्या भिक्षेकऱ्यांसाठीही तितकेच व्यथित व्हावयास हवे.

न्यायालयात बचाव शाबीत करण्याचा भार आरोपीवरच असतो, हेही घरोघरी ठाऊक असले पाहिजे. मात्र तो संशयातीत शाबीत करावा लागत नाही. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूने झुकले तरी पुरते. म्हणून प्रसंग घडताच ११२ क्रमांकावर स्वतः कळवावे, शस्त्र जागचे हलवू नये आणि स्वतःच्या जखमांची वैद्यकीय नोंद करून घ्यावी. घाबरून पळून जाणारा निरपराध माणूस स्वतःविरुद्धच पुरावा उभा करतो. परवान्याच्या बंदुकीनेही अधिकार तसूभर वाढत नाही. जी मर्यादा काठीला, तीच गोळीला.

धर्मवीर डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली, ती समाजाच्या अंगी सामर्थ्य आणि शिस्त दोन्ही बाणावीत म्हणून. आज शहरात मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरे भरतात. प्रहार कसा करावा हे त्यांत उत्तम शिकवले जाते. त्याच शिबिरात एक तास जिल्हा न्यायालयातील एखाद्या वकिलाला द्यावा, आणि ३७, ३८ व ४० ही तीन कलमे त्याने मुलींना, आणि त्यांना न्यायला आलेल्या पालकांनाही, उदाहरणांसह समजावून सांगावीत.