आखणी राहिलेला संगणक

२०२५च्या दिवाळीची झाडलोट चालली होती आणि ओटीवरच्या टेबलावरचा संगणक भंगारवाल्याला द्यायचा की नाही, यावरून डोलवीच्या आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. मुलाने नोकरीला लागल्यावर घेतलेला, बारा वर्षांचा संगणक. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली, आणि विंडोज ११ अशा म्हाताऱ्या यंत्रांना उंबऱ्याच्या आत घेत नाही. पेणच्या दुकानदाराने निकाल दिला, "काका, नवीन घ्या." पण यंत्र चालत होते, पडदा लख्ख होता. पस्तीस वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाला चालू मालमत्ता अशी निर्लेखित करवेना.

पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याने फोनवर उपाय सांगितला : डेबियन. लिनक्सची ही एक आवृत्ती, १९९३ साली सुरू झालेली, फुकट मिळणारी, जगभरच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेली. "काका, विचारील त्याची उत्तरं देत जा," एवढीच त्याची सूचना. मी देत गेलो. शेवटी कोणकोणते सॉफ्टवेअर हवे, अशी आधीच खुणा केलेली यादी आली. अनावश्यक काही मंजूर करायचे नाही, ही बँकेतली खोड. मी सगळ्या खुणा पुसल्या.

यंत्र पुन्हा सुरू झाले ते काळ्याभोर पडद्यानिशी. त्यावर एकच ओळ, 'लॉगिन', आणि पुढे लुकलुकणारी खूण. चित्र नाही, बाण नाही.

"अहो, बिघडवलंत ना?" सौ. म्हणाली.

मला मात्र तो पडदा ओळखीचा वाटला. बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला. पुढे संघटनांचा विरोध, मोर्चे, वाटाघाटी असे सगळे होऊन आमच्या शाखेत यंत्र आले, तेव्हा त्याचा पडदा असाच होता. अक्षरे तेवढी हिरवी. ते युनिक्स होते. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मलेली ही प्रणाली. एकही चित्र न दाखवता तिने आमची खाती वर्षानुवर्षे चालवली. लिनक्स त्याच वळणाचे. तेव्हा बिघडले काहीच नव्हते. यंत्र पूर्ण शुद्धीवर होते, त्याला चेहरा तेवढा नव्हता.

आमच्या पेण तालुक्यातल्या वाचकांना हे चटकन कळेल. हमरापूर, जोहे या गावांतून गणपतीच्या कच्च्या मूर्ती बाहेर जातात; रंगकाम आणि डोळ्यांची आखणी मागाहून, ज्याच्या त्याच्या हाताने. विंडोजच्या दुकानात मूर्ती रंगवूनच मिळते, म्हणून रंग म्हणजेच मूर्ती असे आपण समजून चालतो. युनिक्सच्या घराण्यात दोन्ही वेगळे. पडद्यावर खिडक्या उघडणारी 'एक्स' नावाची व्यवस्था १९८४ साली एमआयटी या संस्थेत तयार झाली. आधीच्या प्रणालीचे नाव 'डब्ल्यू', म्हणून हिचे 'एक्स'. बारशाला ही मंडळी फार वेळ घालवत नाहीत. एक्सने एक शहाणपणा केला. रेघा, ठिपके, माऊसची हालचाल एवढे आपण पाहायचे; खिडकीची चौकट कशी, पट्टी वर की खाली, ते दुसऱ्या कोणी ठरवावे. त्यामुळे चेहरे पुष्कळ झाले. १९९६ साली केडीई आला, १९९७ साली ग्नोम. माझ्या यंत्राला झेपेल असा हलका म्हणून पुतण्याने एक्सएफसीई सुचवला. त्याचे बोधचिन्ह उंदीर. पेणच्या मुलखात याहून चांगला शकुन कोणता?

मोबाईल वायरने जोडून आज्ञा दिली, तर यंत्राने मलाच अडवले : तुम्हाला अधिकार नाही. पुतण्याला वाटले, काका भडकणार. मला उलट बरे वाटले. या घराण्यात रोजचा वापरकर्ता वेगळा आणि 'रूट' हा सर्वाधिकारी वेगळा. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवणाऱ्या धंद्यात माझा जन्म गेला. रूटचा परवलीचा शब्द देऊन पुन्हा आज्ञा सोडली आणि ओळींमागून ओळी धावू लागल्या. दोन चहा झाले. यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा पडद्याच्या मधोमध नाव विचारणारी चौकट होती, आणि माऊस हलवला की बाण हलत होता.

खरे काम पुढेच होते. भाषा मराठी निवडली, देवनागरी फाँट आणले, पुन्हा आत शिरलो; घड्याळापाशी 'रविवार' उमटला. सौ. बचत गटाची सचिव. पोह्याचे पापड, लग्नाघरच्या तांदळाच्या भाकऱ्या, सगळा हिशोब वहीत. "ती इंग्रजी पेटी तुमची," असे म्हणून इतकी वर्षे तिने संगणकाला हात लावला नव्हता. त्या दिवशी 'रविवार' वाचून ती खुर्चीवर बसली. इनस्क्रिप्टच्या कळफलकात स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. दोन आठवड्यांत बोटे वळली. 'भाकऱ्या' हा शब्द नीट उमटला, तेव्हा मीच खुर्चीतून उठलो. तो अर्धा 'र' पूर्वी कित्येक फाँटांना साधत नसे.

सगळेच गोड नाही. प्रिंटर चार दिवस रुसला होता. मेनूतल्या पुष्कळ पाट्या इंग्रजीच राहिल्या, कारण त्या मराठीत आणायचे काम स्वयंसेवकांचे. कोणी केले नाही, तर ते राहते. इथे मात्र माझा पारा चढतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण पेढे वाटले. केरळने सरकारी शाळांमधून लिनक्स केव्हाच रुजवले. तिथली 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती काढते. आपल्या सी-डॅकने २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्स आवृत्ती काढली, ती माझ्या पाहण्यातल्या एकाही शाळेत नाही. मराठीसाठी भांडणाऱ्यांनी दुकानांच्या पाट्या जरूर पाहाव्यात, पण मुले दिवसभर ज्या पाटीकडे पाहतात ती त्यांच्या डोळ्यांना कशी दिसत नाही?

"हे शब्द कोण ठरवतं?" परवा सौ.ने विचारले.

"आपल्यासारखंच कोणीतरी."

"मग लिहून घ्या, मी सांगते."

आता टेबलावर एक वही आहे. 'पॅनेल'ला 'पट्टी', 'सेटिंग्ज'ला 'मांडणी' एवढ्यावर एकमत झाले आहे. 'डेस्कटॉप'ला ती 'ओटी' म्हणते. आल्यागेल्याला आधी तिथेच बसवतात, म्हणून. मी 'मेजफलक' सुचवून पाहिला. ती नुसती हसली.