घंटी कुठे वाजते?

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या अडगळीची शिरगणती. दरवर्षी त्यात एखादी विसरलेली वस्तू डोके वर काढते आणि टाकावी की ठेवावी यावरून घरात दोन तट पडतात. यंदा हा मान आमच्या टेलिफोनला मिळाला. लाइन काढून टाकल्याला तीन वर्षे झाली, पण ते करड्या रंगाचे, बटणांचे धूड कपाटाच्या माथ्यावर तसेच बसून होते. मुलगी म्हणाली, "आई, हे भंगारात देऊन टाकू या." मी होकार देणार, एवढ्यात शेजारचे काका चकलीची चव बघायला म्हणून आले आणि प्रकरण लांबले.

काकांची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. त्यांनी रिसीव्हर असा हातात घेतला की एखाद्या वैद्याने नाडीच धरली असे वाटावे. या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहिते, तेव्हा हा यंत्राचा विषय पाहून नेहमीच्या वाचकांनी नाक मुरडू नये. शेवटी हाही बोलण्याचाच विषय आहे.

"बाई, फोन उचलला की पहिल्यांदा काय ऐकू येते?" काकांनी माझी तोंडी परीक्षा सुरू केली.

"डायल टोन."

"आणि तो कुठून येतो?"

"फोनमधून," मी म्हटले. वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगाही याहून बरे उत्तर देतो.

फोनमध्ये काही नसते, काका म्हणाले. आपल्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत दोन तारा गेलेल्या असतात आणि तिकडून त्यांच्यावर 48 व्होल्टचा दाब दिलेला असतो. रिसीव्हर ठेवलेला असताना वाट तुटलेली असते. तो उचलला की दोन्ही तारा जुळतात आणि वीज वाहू लागते. एक्स्चेंजमधले यंत्र अशा हजारो तारांवर सतत नजर फिरवीत असते. वीज वाहू लागलेली दिसली की ते आपला नंबर ओळखते, आकडे टिपून घ्यायला जागा करते आणि मगच डायल टोन सोडते. म्हणजे त्या गुणगुणीचा अर्थ, 'हं, बोला, लिहून घेतो.'

बटण दाबले की एका वेळी दोन सूर निघतात, एक त्या आडव्या ओळीचा आणि एक उभ्या ओळीचा. 5 चे बटण म्हणजे सेकंदाला 770 आणि 1336 कंपनांचे सूर एकत्र. दोन सूर अशासाठी की माणसाच्या बोलण्याला किंवा शिट्टीला भुलून यंत्राने भलताच आकडा लिहू नये. पहिला आकडा शून्य आला की यंत्र समजते, हे गिऱ्हाईक बाहेरगावचे. पुढच्या आकड्यांवरून गाव, मग त्या गावचे एक्स्चेंज, मग घर.

हे काम पूर्वी माणसे करीत. मुंबईत पहिले एक्स्चेंज 1882 साली सुरू झाले, तेव्हा जोडणी हातानेच व्हायची. माणसाला मधून काढण्याची युक्ती आल्मन स्ट्राउजर या अमेरिकन गृहस्थाची. याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. आख्यायिका अशी की गावातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये होती आणि ती याची सारी गिऱ्हाइके नवऱ्याकडे जोडून देई. खरेखोटे देव जाणे, पण स्ट्राउजरला 1891 मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियानातल्या ला पोर्ट गावी तसे एक्स्चेंज सुरूही झाले. मत्सरातून एवढे उपयोगी काम झाल्याचे दुसरे उदाहरण मला साहित्यात तरी आढळलेले नाही!

स्ट्राउजरच्या यंत्रात लोखंडाचे हात खडखड करीत वर चढत आणि फिरत. काकांनी उमेदीत ती खडखड ऐकली आहे. मग डिजिटल एक्स्चेंजे आली. आपल्या देशात 1984 मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली आणि खेडेगावांसाठी 128 लाइनींचे छोटे एक्स्चेंज तिने तयार केले. नव्या यंत्रात खडखड गेली, कारण हलायला काही उरलेच नाही. तिथे आवाजाचे आकडे होतात. सेकंदाला 8000 वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक माप आठ खुणांत लिहायचे. मी 'अगं आई' म्हणेपर्यंत हजारो मापे झालेली असतात.

पण एवढ्या आकड्यांतून माझे आकडे माझ्याच माणसाला कसे मिळतात? काकांनी मला समजेल अशी पंगत मांडली. एका पंगतीला 32 पाने. वाढपी एका सेकंदात 8000 वेळा पंगतीवरून जातो आणि दर फेरीत प्रत्येक पानावर एकेक माप वाढतो. दोन पाने व्यवस्थेसाठी राखीव, तीसांवर तीस जणांची बोलणी. आता पाचव्या पानावरच्या बाईंना बाविसाव्या पानावरच्या गृहस्थांशी बोलायचे आहे. तर एक्स्चेंज दर फेरीत पाचव्या पानावरचे उचलून बाविसाव्यावर ठेवते आणि बाविसाव्यावरचे पाचव्यावर. एवढेच! तारेला तार जोडली जात नाही, नुसती पानांची अदलाबदल होते. आता अनेक ठिकाणी ही पंगतही उठली आहे आणि बोलणे इंटरनेटसारखे पुडक्यापुडक्यांनी जाऊ लागले आहे, पण त्या पुडक्यांविषयी काकांना ममत्व नाही.

"आता सांगा," काका म्हणाले, "तुम्ही नंबर लावल्यावर कानात जी घंटी वाजते, ती कुठे वाजते?"

"पलीकडच्या घरात."

"चूक. सगळे हेच सांगतात."

पलीकडच्या गावचे एक्स्चेंज त्या घराच्या तारेवर घंटीची वीज सोडते, 75 व्होल्टची, सेकंदाला 25 हेलकावे खाणारी. तिने घरातली घंटी वाजते. आणि नंबर लावणाऱ्याला धीर असावा म्हणून तेच एक्स्चेंज त्याच्या कानात एक वेगळा सूर घालते. ट्रिंग-ट्रिंग, मग दोन सेकंद गप्प. हा सूर एक्स्चेंजच्या खोलीत तयार होतो. घरातल्या घंटीशी त्याचा काही संबंध नाही.

मी हातातला सोऱ्या खाली ठेवला. "आणि घराची तार तुटलेली असेल तर?"

"तुटून लोंबत असेल, तर एक्स्चेंजला ठेवलेला रिसीव्हर आणि तुटलेली तार सारखीच. दोन्हीत वीज वाहत नाही. ते आपले घंटी सोडत राहणार आणि तुमच्या कानात ट्रिंग-ट्रिंग. दोन तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर एंगेज लागला असता. तार तपासायची सोय निराळी असते, पण दर कॉलला कोण तपासतो?"

2003 सालच्या जुलैत माझा एम.ए.चा निकाल लागला. 'मराठीत एम.ए. करून काय मिळणार?' असे म्हणून अण्णांनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला होता. आई नव्हती, कोकणातल्या घरी ते एकटेच. मी पुण्यात वसतिगृहाजवळच्या एसटीडी बूथवरून लागोपाठ तीन संध्याकाळी फोन केला. घंटी वाजत राहिली. बूथवाल्याने एक पैसा घेतला नाही, कारण पलीकडे कुणी उचलल्याशिवाय आकारणी सुरूच होत नाही. मग मी पोस्टकार्डावर दोन ओळी टाकल्या. उत्तर म्हणून पाचशे रुपयांची मनीऑर्डर आली. ती मी परत केली.

गणपतीला गेले नाही. दिवाळीला गेले तेव्हा अण्णा आपणहून म्हणाले, "आषाढात फणसाची फांदी तारेवर पडली. दीड महिना फोन मेला होता." मी म्हटले, "अण्णा, खोटे कशाला बोलता? मी माझ्या कानांनी घंटी ऐकली." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि परसात निघून गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही. 2012 मध्ये अण्णा गेले.

काका चकली मोडता मोडता थांबले. "कुणाला लावत होता फोन?"

"घरी," मी म्हटले.

मुलगी भंगाराची पिशवी घेऊन दारात उभी होती. तिच्या हातून मी टेलिफोन घेतला, फडक्याने पुसला आणि कपाटावर परत ठेवून दिला.