टँकमधले विनातिकीट प्रवासी

हार्बर लोकलने पनवेल गाठलंत, जेवलात, दिवे मालवले आणि रीफ टँकमधल्या लाइव्ह रॉकवर काहीतरी वळवळलं? डोन्ट वरी! दगडासोबत आलेले हे विनातिकीट प्रवासी. पण लगेच टीसी बनू नका; आधी ओळख पटवा. टॉर्चला लाल जिलेटिन लावून बघा.

केसाळ, गुलाबीसर किडा? ब्रिसल वर्म. उरलंसुरलं खाणारा सफाईवाला. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस टोचतात. इवलंसं तपकिरी ताडाचं झाड? एप्टेशिया. खरवडलंत, तर उरल्या तुकड्यांतून नवी उगवतील! पेपरमिंट कोळंबी आणा, ती बहुधा फस्त करते.

आणि नकोसा पाहुणा खाडीत सोडायचा? कधीच नाही! अमेरिकेकडचे मायटिलॉप्सिस शिंपले जहाजांना चिकटून मुंबईच्या गोदीत आले, ते कायमचेच राहिले.